भोंगा तांड्यापर्यंत आलाच नाही

शैला गेल्याचं कळलं तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर एसटीची वाट पाहत उभी होते. तिच्या भावाचा फोन आला. "ताई, शैली गेली... नांदेडहून आणून राहिलो तिला." कावीळ अशी महिनाभरात माणूस नेते, हे अजून पटत नाही.

शैला माझी कॉलेजातली मैत्रीण, सेनगावकडच्या तांड्यातली. पुण्यात हवामानशास्त्र शिकली, तिथंच नोकरीला लागून विजांच्या वादळांवर संशोधन करत होती, विजेचे इशारेही लिहायची. एका दुपारी कापूस निंदताना वीज पडून तिची काकी जागीच गेली. त्या भागासाठीचा इशारा निघालेला होता, शैलानंच तो लिहिला होता. तो मोबाइलवर गेला. काकीकडं मोबाइल कुठला!

"माझं शास्त्र बराबर होतं गं, तरी बाई मेली," असं म्हणत ती नोकरी सोडून परत आली. मग एकच ध्यास... इशारा शेतात वाकलेल्या बाईच्या कानावर पडला पाहिजे. तांड्या-तांड्यावर भोंगा, आणि तो वाजला की मजुरी न कापता बायांना घरी सोडायचं, असा मसुदा तिनं केला आणि बैठकांमागून बैठका केल्या. एकीला मीही होते. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, वीज पडून कुणी गेलं तर मदत देतोच की आपण."

"मेल्यावर देता साहेब. मी मरायच्या आधीचं मागून राहिले."

कुणीतरी हसलं. चहा आला, विषय बदलला.

अखेर योजना मंजूर झाली. भोंगे लागले ते बाजारपेठेच्या गावांत, जिथं माणसं आधीच छपराखाली असतात. तांडे म्हणे पुढच्या टप्प्यात. मजुरीचं कलम गाळलेलं. उद्घाटनाची पत्रिका तिनं दवाखान्यातल्या खाटेवर पाहिली. "माझं नाव काढायला सांग," एवढंच बोलली. मी सांगितलं, त्यांनी काढलं नाही. शोकसभेत त्याच साहेबांनी तिला 'दूरदृष्टीची कन्या' म्हटलं, तेव्हा मी मधूनच उठून आले.

परवा तांड्यावर गेले होते. तिच्या खोलीची पश्चिमेची खिडकी तिची आई कुणाला लावू देत नाही. आभाळ भरून आलं तशी म्हातारी खिडकीत उभी राहिली, तोंडाशी हात नेऊन ओरडली, "घरला या गं... बिगी बिगी या!" लेक इथूनच हाका मारायची म्हणे. हाक फार तर विहिरीपर्यंत गेली असेल. त्यापलीकडं सोयाबीन कापणाऱ्या बाया तशाच वाकलेल्या होत्या.