आरशाची चार भोकं

काच उष्णतेनं तडकते, दाबानं तडकते आणि घाईनं तडकते. यातली पहिली दोन कारणं मी शाळेत पोरांकडून पाठ करून घेतली. तिसरं पुस्तकात नव्हतं, त्यामुळे मलाही माहीत नव्हतं.

सासूबाई वारल्या तेव्हा हिनं देवगाव रंगारीच्या माहेरातून एकच वस्तू मागून घेतली, त्यांचा आरसा. गोधडीत गुंडाळून, एसटीत गुडघ्यांमध्ये धरून तिनं तो आणला. चौकट वाळवीनं खाल्ली होती, काच मात्र लख्ख होती. याच्यापुढे बसवून आई हिची वेणी घालायची. आता चौकटीचा नाद सोडून कोपऱ्यांत चार भोकं पाडायची आणि पेचांनी आरसा भिंतीवर बसवायचा, असं मी जाहीर केलं.

"शहागंजातल्या काचवाल्या चाचांकडं न्या," ही म्हणाली. "त्यांचा हात लई हलका हाय."

नेला. तर चाचांच्या दुकानाचा एक कायदा निघाला. भोक पाडताना काचेच्या मालकानं समोर थांबायचं नाही, कोपऱ्यावर चहा प्यायला जायचं. "मालक डोक्यावर उभा राहिला की हात जल्दी करतो, मास्तर," ते म्हणाले. मला हे झोंबलं. अख्ख्या वर्गासमोर प्रयोग करून दाखवणारा माणूस मी, आणि मला चहाला पिटाळणार! मी आरसा उचलला.

चाचा रागावले नाहीत. उलट सगळी रीत सांगितली, भाल्यासारख्या टोकाचं पातं दिलं आणि सायकलच्या ट्यूबच्या चार चकत्या माझ्या खिशात कोंबल्या. "भोक पडतंय वो. काच भोकानं नाय फुटत, पेच कसताना फुटती. चकती घालो, पेच टेकला की बस करो."

पितळी पेचाखाली फाटक्या ट्यूबचा तुकडा घालायचा, हे काही माझ्या मनाला पटेना. चकत्या खिशातच राहिल्या.

रविवारी सकाळी जाड सतरंजीवर आरसा पालथा घातला. खुणेभोवती चिकणमातीचं आळं केलं, त्यात टर्पेंटाइन ओतलं आणि हाताचं ड्रिल हळूहळू फिरवत बसलो. पात्याचं टोक जेमतेम पलीकडे दिसलं की आरसा उलटायचा आणि उरलेलं भोक समोरून पाडायचं. दुपारपर्यंत चारही भोकं झाली. एकालाही केसाएवढा तडा नाही. स्वतःवर इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

मग पेच बसवले. इथं एक कबूल करायला हवं. मी बंद केलेला नळ आमच्या घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. डब्याची झाकणंही तशीच. चौथा पेच टेकला होता, पण टेकणं म्हणजे बसणं नव्हे, असं मला वाटलं आणि मी आणखी अर्धा फेरा दिला.

टक् असा बारीक आवाज झाला. खालच्या कोपऱ्यातून तडा निघाला, आडवा पसरला आणि खालचा निम्मा भाग फरशीवर आला.

ही ओल्या हातांनी धावत आली. आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखा, म्हणालो, "पण भोकं बघ. एकही तडकलं नाही."

तिनं खरंच वाकून बघितली. "व्हय," म्हणाली, "भोकं चांगली पडलीत." मग खाली बसून तुकडे वेचायला लागली. वेचता वेचता स्वतःशीच बोलली, "अजून दिसायची मला आई ह्याच्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी उरलेला वरचा तुकडा ती स्वतःच चाचांकडे घेऊन गेली. त्यांनी खालची कड सरळ कापली आणि दोन नवी भोकं पाडून दिली. तोवर ही कोपऱ्यावर निमूट चहा पीत बसली होती. घरी येऊन तिनं माझ्या खिशातल्या चकत्या काढल्या, माझ्या हातातला पेचकस घेतला आणि म्हणाली, "तुम्ही चहा पिऊन या."

क्रांती चौकापर्यंत चालत जाऊन मी दोन कप प्यायलो. परत आलो तेव्हा आरसा भिंतीवर होता, तिच्या उंचीला. दाढी करताना मला वाकावं लागतं.

दार आपटलं की आरसा अजून किंचित हलतो, आणि माझा हात पेचकसाकडे जातो. वेणी घालणारी ही मागे वळतही नाही. तिला आरशातच सगळं दिसतं.

"चहा पिऊन या," ती म्हणते.

मी चपला घालतो.