मामंजींवर जिंकलेले डाव

सासऱ्यांसमोर सुनेने बसायचं नाही, असा आमच्या नागावच्या घरचा रिवाज. तो मामंजींनी स्वतःच मोडला. एकोणीसशे तीसच्या आसपास त्यांचे बुद्धिबळातले जोडीदार, शेजारच्या वाडीतले मास्तर, वारले. हे मुंबईला नोकरीत, रेवसच्या बोटीने सणासुदीला येणार. सासूबाईंना त्या खेळाचा तिटकारा. उरले मी. एका दुपारी ओटीवर पट मांडून मामंजींनी मला हाक मारली आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली.

पहिले दोन महिने त्यांनी मला वजीर दिलाच नाही. नुसता राजा आणि प्यादी. "चालता येत नाही आणि पळायला निघालीस," म्हणायचे. मग एकेक मोहरं वाढवलं. हरल्यावर पट उधळायचा नाही, हा त्यांचा कायदा. हरणाऱ्याने शेवटापासून एकेक चाल मागे घेत जायचं, आपण चुकलो ती जागा सापडेपर्यंत. "कालचीच चूक आज करू नकोस. नवी कर," हे रोजचं. एकदा चिडून मी घोडा अंगणात भिरकावला, तर सुपारीच्या सालपटांतून तो मलाच शोधायला लावला. माझा स्वभाव तेव्हाही असाच, नाकावर राग.

दोन वर्षं मी हरले, पण दर महिन्याला थोडी उशिरा हरायला लागले. तिसऱ्या वर्षी श्रावणात पहिला डाव जिंकले. मग दुसरा. भाद्रपदात तर जवळजवळ रोजच जिंकत होते. मी शेफारलेच. 'आता तुम्हीही जपून राहा,' असं ह्यांना पत्रात कळवलं.

एके दिवशी मी प्याद्याने मात दिली. सगळ्यात मानाची मात ती. आता चाली मागे घेण्याची पाळी त्यांची होती. त्यांनी दोन चाली मागे घेतल्या आणि हात थांबला. मग त्यांनी उंट उचलून हत्तीसारखा सरळ नेला. माझ्याकडे पाहून कसंनुसं हसले. "तूच सांग बाई," म्हणाले. मास्तरांबरोबरचे दहा वर्षांपूर्वीचे डाव तोंडपाठ म्हणून दाखवणारा हा माणूस! ह्यांना लिहायचं, सासूबाईंना सांगायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट मांडला. मी बसले, जिंकले आणि सांगायचं राहिलं. पुढचा महिना तसाच गेला.

आश्विनात एका सकाळी ते आक्षीला जातो म्हणून निघाले, ते जेवायच्या वेळेलाही परतले नाहीत. दुपार कलल्यावर एक कोळीण त्यांना हाताला धरून घेऊन आली. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल. "बाय, ह्यो म्हातारा घर इसरलाय," ती म्हणाली.

सासूबाईंनी त्यांचे पाय धुतले, त्यांना आत निजवलं आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"अगो, रोज दोन तास त्यांच्या तोंडासमोर बसत होतीस. तुला कसं नाही दिसलं?"

"नाही दिसलं," मी म्हटलं.

दिसलं होतं. महिनाभर आधीच दिसलं होतं. पण मी जिंकत होते.