खुशाल उंदिरवाडेनं गिटार भरलं त्याची गोष्ट

सिंदेवाहीत पाण्याची मोटार जळली की माणूस आधी वीजवाल्यांना शिव्या घालतो आणि मग ती मोटार सायकलला बांधून खुशाल उंदिरवाडेकडे घेऊन येतो. खुशालचं वय सेहेचाळीस. जळकी तार उपसून नवी भरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. पण त्याला स्वतःला विचारलं तर तो म्हणे, "मोटारी तं पोटासाठी. मी मुळात कलाकार आहो."

सोमाजीभाऊंच्या भीमगीत मंडळात तो गेली बारा वर्षं बेस गिटार वाजवत होता. सोमाजीभाऊ पेटीवर बसून गात, दिव्यानी नावाची कॉलेजातली पोरगी कीबोर्ड वाजवी, ढोलकी असे, कोरस असे आणि या सगळ्यांच्या मागे, स्पीकरच्या खोक्याला टेकून, डोळे मिटून खुशाल उभा असे. गिटार साधं होतं, कंपनीतलं सगळ्यात स्वस्त. त्याच्या तारांखाली दोन काळ्या पट्ट्या होत्या, त्यांना पिकअप म्हणतात. तार हलली की तिचा आवाज धरून पुढे आवाज मोठा करणाऱ्या मशीनकडे पाठवायचा, हे त्या पट्ट्यांचं काम. खुशालच्या पट्ट्या तारेचा आवाज जेमतेम धरत. मात्र आजूबाजूच्या ट्यूबलाइटची, पंख्याची, जनरेटरची घुरघुर अगदी मनापासून धरत. त्यामुळे गाण्यात बेस कुठे ऐकू येत नसे आणि दोन गाण्यांच्या मध्ये मात्र "घूंऽऽऽ" असा आवाज चालूच राही.

मुलजवळच्या एका गावात भर दुपारी कार्यक्रम होता. मंडप एका जुन्या पिंपळाखाली. सोमाजीभाऊंनी गाणं संपवलं, टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत खुशालची घुरघुर उठली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वर पाहिलं. पिंपळावर खरोखरच आग्यामोहोळ लटकलं होतं.

"मोव्हाळ उठलं रेऽऽ!" म्हातारा ओरडला.

मिनिटभरात मंडप रिकामा. बायका पदर डोक्यावर घेऊन पळाल्या, सरपंच टेबलाखाली शिरले, ढोलकीवाला ढोलकी टाकून शाळेच्या संडासात जाऊन कडी लावून बसला. मोहोळातली एक माशी जागची हलली नव्हती. डोळे मिटलेला खुशाल मात्र मन लावून वाजवतच होता.

सोमाजीभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खुशाल, हे का करून राह्यला बाबू तू? येत्या पौर्णिमेले मुलचेऱ्याले वर्षावासाचा मोठा कार्यक्रम आहे. तोवर एक तं हे गिटार सुधरव, नाही तं टाळ घे हातात."

टाळ! बारा वर्षांचा कलाकार आणि टाळ! खुशाल दोन दिवस जेवला नाही. म्हणजे घरी जेवला नाही. बसस्टँडवर आलुबोंडे खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलवरून नव्या पिकअप मागवल्या. आठ दिवसांनी खोकं आलं. उघडून बघतो तर सहा तारांच्या गिटारच्या पट्ट्या; याचं चार तारांचं. त्या त्याच्या खाचेत बसेनात. परत पाठवून बदलून मागवायच्या तर पौर्णिमा उलटणार. रागारागानं त्यानं जुन्या पट्टीचं झाकण उचकटलं आणि तो हसायलाच लागला.

आत काय होतं? खाली एक लोहचुंबकाची कांडी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. तीही ढिली, अर्धवट, कसंतरी उरकल्यासारखी.

"रंभा!" त्यानं बायकोला हाक मारली. "अवं, हे तं वाइंडिंग आहे! बारा वर्सं मी दुसऱ्याच्या मोटारी भरून राह्यलो अन् माह्याच गिटारात असं भुक्कड काम!"

दुसऱ्याच दिवशी तो चंद्रपूरला गेला. तारेच्या दुकानदारानं सवयीनं विचारलं, "कशाची मोटार?"

"गिटार आहे."

"ह्या कंपनीचं नाव नाही ऐकलं. किती हॉर्सपॉवर?"

खुशालनं समजावून सांगितल्यावर दुकानदारानं फळीवरून एक रीळ काढलं. त्यावरची तार इतकी बारीक की खुशालला आधी रीळ रिकामंच वाटलं. म्हाताऱ्या माणसाचा केस बरा.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. पाच हॉर्सपॉवरची मोटार भरणारे त्याचे हात. ती तार बोटाला लागली की तुटे. सात वेळा तुटली. आठव्या वेळी तो तारेला जे बोलला ते ऐकून त्याची आई गुणाबाई अंगणातून उठून शेजारी गेली. रंभा शिवणकाम करी. ती ब्लाउजला हूक लावता लावता हे सगळं बघत होती.

"का जी, मशीन रिकामी आहे माझी," ती म्हणाली. "अन् हातही."

खुशालनं पट्टी शिलाई मशीनच्या चाकाला चिकटवली. चाक एकदा फिरलं की एक वेढा. रंभानं दोन बोटांत तार धरली, पाय हळू चालवला आणि तार अशी बसत गेली की जणू तिथंच उगवली होती. खुशाल बघतच राहिला. मान्य करणं जड जात होतं, पण असं काम त्याच्या हातून झालं नसतं.

एकेका पट्टीत वेढे भरायचे होते साडेआठ हजार. शंभर झाले की सुपात तांदळाचा एक दाणा टाकायचा, असं ठरलं. रंभा मोजे, खुशाल दाणा टाके. मधेच कोणी तरी दारातून "ब्लाउज झाला का वो?" विचारी आणि दोघंही हात हलवून तिला गप्प करीत. साठ-बासष्ट दाणे झाले असतील, इतक्यात शेजारची कोंबडी आत आली आणि कोणाला काही कळायच्या आत सूप साफ करून गेली.

"आता हिचं पोट फाडून मोजू का?" खुशाल ओरडला.

रंभानं शांतपणे विचारलं, "मोटार भरल्यावर तार पुरती भरली का नाई, हे तुमी कसं पाहता?"

"मीटर लावून."

"मंग?"

खुशाल उठला आणि खिळ्याला लटकलेलं मीटर घेऊन आला.

त्यानं एक युक्ती वाचली होती. एक पट्टी सुलटी भरायची, दुसरी उलटी; म्हणजे दोघींची घुरघुर एकमेकींत जिरते. तशा त्या भरल्या, तार हलू नये म्हणून विहारातल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून मेणात बुडवल्या, गिटारात बसवल्या. आवाजाचं मशीन लावलं. घुरघुर नाही! खुशालनं आनंदानं जाड तार छेडली. तारेचाही आवाज नाही. म्हणजे होता, पण डबीत कोंडलेल्या माशीएवढा.

गुणाबाई दारातून म्हणाली, "आता बेस झालं गा. आता डोकं नाई दुखत."

रात्रभर विचार करून सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला. वेढे उलटे भरले तसा एका पट्टीचा चुंबकही उलटा करायला हवा होता. नाहीतर घुरघुरीबरोबर गाणंही जिरतं. त्यानं चुंबक फिरवून बसवला, तार छेडली आणि मांडणीवरची भांडी वाजली. रंभा स्वयंपाक सोडून बाहेर आली. असा गोल, खोल, भरलेला आवाज त्या घरात कधी झाला नव्हता. खुशालचे डोळे भरून आले. "तुह्या हाताचा आवाज आहे हा," तो म्हणाला, आणि बोलल्यावर इतका लाजला की उगीच पंप दुरुस्त करायला निघून गेला.

मुलचेऱ्याला पौर्णिमेच्या दुपारी मंडप गच्च भरला होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि खुशालचा बेस मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ पोचला. दोन ओळी झाल्या. सोमाजीभाऊंनी गाता गाता मान वळवली. तिसऱ्या ओळीला दिव्यानीनं वळवली. मग कोरसनं.

गाणं संपताच सोमाजीभाऊंनी माइकवर हात ठेवला. "खुशाल, हे का वाजवून राह्यला तू?"

"रोजचंच तं."

"रोज हेच वाजवतोस? बारा वर्सं?"

"हो."

"अन् आमी काळी चारमधून गाऊन राह्यलो, हे माहीत आहे का तुले?"

खुशालला माहीत नव्हतं. काळी चार म्हणजे पेटीवरचा कुठला सूर, तेही माहीत नव्हतं. बारा वर्षांत कोणाला काही ऐकूच आलं नव्हतं, तर चूक कोण काढणार? मंडपातली माणसं मात्र खूश होती, पहिल्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "आवाज मस्त आहे हो, फक्त गाणं दुसरं आहे." पुढची गाणी दिव्यानीनं निभावून नेली. प्रत्येक गाण्याआधी ती त्याच्या कानाशी वाकून कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते सांगे आणि खुशाल तेवढं एकच बोट घट्ट दाबून धरी. शेवटच्या गाण्याला तर लोकांनी ताल धरला.

गाडीत परत येताना खुशालचा चेहरा पडला होता. कार्यक्रम ऐकायला सोबत आलेली रंभा म्हणाली, "काऊन असं तोंड करता? आवाज चांगला होता म्हणून तं समजलं."

आता रविवारी सकाळी घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान उघडायच्या आधी दिव्यानी येते. काउंटरवर छोटा कीबोर्ड मांडते आणि खुशाल तिच्यासमोर जळक्या मोटारींमध्ये स्टुलावर बसून सा रे ग म घोकतो. "काका, पुन्हा," ती म्हणते आणि तो मुकाट्यानं पुन्हा वाजवतो. मागच्या रविवारी नवरगावच्या एका ऑर्केस्ट्राची पोरं गिटार घेऊन आली, पिकअप भरून पाहिजे म्हणाली. खुशालनं गिटार हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि आत रंभाच्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं.

"ते काम बाईंचं आहे," तो म्हणाला. "जा, पण मोजत असल्या तं बोलू नका."