चोरीचा कढीलिंब

वडगावच्या विणकर आळीत सुबरावाइतका सज्जन माणूस दुसरा नव्हता आणि त्याचा सगळ्यात जास्त ताप त्याच्या बायकोला, बाळाबाईला होत असे. सावकारानं तोलून दिलेल्या रेशमातलं विणून उरलेलं हा गृहस्थ तुटक्या धाग्यांसकट परत करायचा. बाकीचे विणकर त्याला देवमाणूस म्हणायचे आणि त्याच्याजवळ बसायचं मात्र टाळायचे.

बाळाबाईला देवमाणूस नको होता, परसात कढीलिंब हवा होता. न्हाणीच्या सांडपाण्यावर तिनं कोथिंबीर, ओवा, गवती चहा, सगळं पोसलं होतं. एक कढीलिंब तेवढा लागत नव्हता. त्यामुळे रोज आमटी फोडणीला टाकायच्या आधी तिला शेजारच्या मालुबाईच्या दारात उभं राहावं लागे. पानं द्यायला मालुबाई हात आखडता घ्यायची नाही, पण तोंडही आखडायची नाही.

"ने की गं बाळाक्का. झाड आमचं, फोडणी तुमची!"

लग्न होऊन आली तेव्हापासून बाळाबाई हे ऐकत होती. तिच्या पोरी सासरी गेल्या तरी वाक्य तेच. ते ऐकून केलेली आमटी तिच्या घशाखाली उतरत नसे. आपल्या हातानं, कुणाला न विचारता चार पानं तोडावीत, एवढंच तिला हवं होतं.

मालुबाईनं रोपंही दिली होती, साऱ्या आळीला दाखवून. सगळी वाळली. शेवटी बाळाबाईनं निकाल दिला, मागून आणलेला कढीलिंब लागत नाही, चोरूनच आणावा लागतो. आळीत सगळेच तसं म्हणत.

"मी चोरी करू?" सुबरावानं मागाच्या खड्ड्यातून विचारलं.

"मग? तुमच्यावर कुणाचा संशय यायचा न्हाय. जल्मभर चांगलं वागलाय, ते कवातरी उपयोगी पडू दे!"

दुपारी मालुबाई सोप्यात आडवी झाली, तसा सुबराव खुरपं घेऊन निघाला. बाळाबाई कुंपणाआडून बघत होती. परक्याच्या परसात बायकामाणसं असतात, पुरुषानं खाकरून आत शिरावं, ही रीत. सुबराव चोरीआधी चांगला मोठ्यानं खाकरला. बाळाबाईनं कपाळावर हात मारला.

"कोण हाय?" मालुबाई उठून बसली.

"मी सुबराव. निजा आक्का, रोप चोरायला आलोय."

"अरं, माग की, देते!"

"मागून लागत न्हाय म्हणतीया ही."

मालुबाईला ते पटलं. तिनं त्याला रोप नीट, मुळासकट खणू दिलं. मग केरसुणी उचलली आणि "चोर! चोर!" करत ती त्याच्यामागे आळीच्या टोकापर्यंत धावली. देवमाणूस एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्यानं रोप पोटाशी धरून पळत होता. सगळे माग थांबले. संध्याकाळी विणकर पहिल्यांदाच सुबरावाच्या ओट्यावर पान खायला येऊन बसले.

रोप लागलं. बघता बघता कौलांच्या वर गेलं.

पुढे मालुबाईच्या मुलानं नव्या मागासाठी परसात छप्पर घातलं आणि तिचं झाड तोडलं. एका सकाळी मालुबाई बाळाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. हात रिकामे, नजर खाली. बाळाबाईच्या जिभेवर ते जुनं वाक्य तयार होतं, इतकी वर्षं मुरलेलं. तिला ते फेकायचंही होतं. पण दारात तसं उभं राहणं म्हणजे काय असतं, ते आळीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आक्का, मागू नका," ती म्हणाली. "मागितलेलं लागत न्हाय. मी चुलीकडं बघून येते, तवर काय चोरायचं ते चोरा."

आत जाऊन ती चुलीपुढे पाठ करून बसली.

परसात मालुबाई आधी चांगली मोठ्यानं खाकरली. मग डहाळी मोडल्याचा आवाज आला.