न छापलेल्या तीन चौकटी

बीटी कपाशीचं बियाणं गावात नवं नवं आलं, त्या वर्षांत मी जानेफळच्या एसटी स्टँडजवळ टेलिफोनचा बूथ चालवत असे. शेजारी पेंटर चाचांचं दुकान होतं. आसपासच्या निम्म्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती त्यांनीच रंगवलेल्या. कापसाची बोंडं नारळाएवढी काढायचे, आणि एखाद्या शेतकऱ्याने छेडलं की म्हणायचे, "भिंतीवर अळी पडत नाही ना बाप्पा, म्हून येवढी होते."

मेहकरहून अकराच्या गाडीने पेपर यायचा. पेपर माझा, पण शेवटच्या पानावर पहिला हक्क चाचांचा. तिथे खालच्या कोपऱ्यात तीन चौकटींचं कार्टून असे. एक शेतकरी, त्याची बायको आणि एक बकरी. नवराबायको भांडायची, बकरी काही न बोलता बघायची. मी ते वाचून फिस्सकन हसायचे आणि पान उलटायचे. चाचांना त्याचा राग येई.

"वाचू नको, पाह्य," ते म्हणायचे. "ह्या बाईची पाठ पाह्य. एकच रेघ हाये. पण ते रुसली हाये हे समजते का नाही? मी भिंतभर रंग लावतो, तरी मले हे जमत नाही."

तिसऱ्या चौकटीत बहुतेकदा शब्दच नसत, अर्धी जागा पांढरी. तेवढी जागा मोकळी सोडायला छाती लागते, असं त्यांचं मत होतं. हळूहळू मलाही ती रेघ दिसायला लागली.

मग चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि ब्रश सुटला. दुकान उघडून ते नुसते बसत, अकरा वाजले की चाचपडत बूथवर येत. मी कार्टून सांगायचे. कोण कुठे उभं आहे, कुणाची मान कशी वळली आहे, सगळं. ते डोळे मिटून ऐकत आणि बोटाने हवेत रेघ ओढत. दिवसभरात त्यांना तेवढंच काम उरलं होतं.

मे महिन्यात एकदा शेवटचं पान उलटलं, तर कार्टूनच्या जागी बियाण्याची जाहिरात. खाली बारीक अक्षरात दिलं होतं, की ही मालिका आता बंद. चाचा डोळे मिटून समोर बसलेले. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले.

"आज ना चाचा, बियाण्याची रांग हाये. पण रांगेत मानूस एकबी नाही, नुसत्या चपला." त्या दिवसांत खरंच लोक कृषी केंद्रापुढे चपला ठेवून नंबर लावत आणि सावलीत जाऊन बसत. "दुसऱ्या चौकटीत दुकानदार बाहेर येते. अन् तिसरीत दरेक चपलेपुढं एकेक पाकीट ठेवून तो शटर पाडून राह्यला."

चाचा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मला शरम वाटायला हवी होती, वाटला चक्क अभिमान. दया कमी आणि खोडी जास्त, असाच तो प्रकार होता. उगाच थोरपणा कशाला घेऊ!

पुढे चार-पाच महिने मी रोज एक कार्टून ठोकून दिलं. फवारणीच्या औषधासाठी खामगावला फोन लावायला आलेले शेतकरी भाव ऐकून तोंड पाडून बाहेर येत, आणि माझी थाप ऐकायला थांबत. त्या साली कपाशीची पानं लाल पडत चालली होती, तरी अकराच्या सुमाराला कुणी ना कुणी हसायला तयार असे. एकानेही मला उघडं पाडलं नाही. उलट दोघांनी विषय सुचवले.

पण रोज चांगलं सुचणार कसं? अडले की मी बकरीला बोलायला लावी. ती शेतीच्या साहेबासारखी भाषणं ठोकू लागली.

"काऊन वं पोरी, हा चित्र काढनारा मानूस थकला का?" चाचांच्या कपाळाला आठी पडे. "पह्यले बकरी गप राहे. त्याच्यातच मजा होती."

"मले का माहीत चाचा? छापलं तेच सांगून राह्यली मी," असं म्हणून मी फोनची वायर गुंडाळत बसे.

दिवाळीआधी खामगावच्या शिबिरात चाचांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली की ते पहिल्यांदा पेपर मागणार. गाव मला खोटारडी म्हणालं असतं तर मी दोन शब्द उलट सुनावले असते. पण चाचांनी बोलणं टाकलं तर मला ते सोसणार नव्हतं. त्यांनी पेपर हातात घेण्याआधीच कबूल करायचं, असं मी ठरवलं. रोजच ठरवत होते.

काळा चष्मा लावून ते आले, तेव्हा त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं.

"बस," ते म्हणाले. "आज मी वाचतो, तू आयक."

मला पत्ताच नव्हता. चहाला उतरणाऱ्या कंडक्टरला धरून ते पेपरच्या पत्त्यावर, त्या कार्टून काढणाऱ्याला पत्रं लिहून घेत होते. अक्षर कंडक्टरचं, तारीफ चाचांची. त्याचं हे उत्तर होतं.

"माझं कार्टून मे महिन्यातच बंद झालं. सध्या घरीच असतो. तुमची पत्रं पेपरवाले इकडे पाठवतात. मी न काढलेल्या चित्रांचं कौतुक वाचून आधी वाटलं, कुणीतरी टिंगल करतंय. नंतर पत्रांची वाट बघू लागलो. चपलांची रांग मी काढून पाहिली, चांगली उतरली. मात्र बकरी बोलते म्हणून तुम्ही मला रागावलात, तो गुन्हा माझा नाही."

"चाचा, मी..."

"मले खोटं सांगतलं, ते राहू दे," चाचा म्हणाले. "तो मानूस घरी बसला होता वं. अन् मी त्याले लिवलं का तुहा हात बिघडला. येकदा नाही, दोनदा."

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी इथे बूथवर लोकांना हसवत होते, आणि काम गेलेला एक माणूस माझ्या फसलेल्या विनोदांबद्दल बोलणी खात होता. मला रडू आवरेना.

त्यांनी एक कोरं पोस्टकार्ड पुढे सरकवलं. "लिव त्याले. तुह्या अक्षरात." मी लिहिलं. चपलांची रांग माझी होती, हे आधी सांगायचा मोह झाला. तो गिळून, बकरीला मीच बोलायला लावलं, इथून सुरुवात केली. चाचांनी कार्ड नाकाशी धरून अक्षर न् अक्षर वाचलं, खिशात घातलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी पेपर त्यांच्यापुढे ठेवला, घडी मोडायची माझी हिंमत नव्हती. त्यांनीच शेवटचं पान काढलं. कोपऱ्यात नेहमीची जाहिरात होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून ठेवला, पेपर माझ्याकडे सरकवला, आणि नुकताच उघडलेला डोळा मिटून घेतला.

"सांग," म्हणाले, "काय हाये आज?"