नवसाबाईंची नाडी

दिवाळी तोंडावर आली होती. नवसाबाईंनी देवघरातले पितळी देव परातीत उतरवले आणि चिंच लावून घासायला बसल्या. अन्नपूर्णा लखलखली, बाळकृष्ण हसू लागला, गणपती निम्मा झाला आणि त्यांचे हातच थांबले. डोळ्यांपुढं अंधारी आली. चिंचेच्या हातांनीच त्यांनी भिंत धरली. सून मनीषा धावत आली. देव अर्धवट टाकून उठू नये, असं म्हणणाऱ्या सासूबाईंना स्वतःला उठताच येत नव्हतं. मनीषानं त्यांना तिथंच आडवं केलं.

मखमलाबादच्या शिवारात नवसाबाईंच्या झेंडू-शेवंतीचं मोठं नाव होतं. पहाटे तोडणी, उजाडता उजाडता पाट्या फुलबाजारात, आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर त्या म्हणत, "देवाच्या डोक्यावर जाणारं फूल हाय, घासाघीस मेथीच्या जुडीची कर." अशी बाई श्रावणापासून विझत चालली होती. बांध चढताना धाप लागायची, हातपाय गार पडायचे, माळ ओवता ओवता मान खाली जायची. नवरा पुंजाराम म्हणाला, वय झालं, त्याला काय इलाज. दिवाळी झाली की फुलं काढून टाकू, कोबी लावू. कोबी एकदा कापली की सुटका. रोज पहाटे उठून तोडा करायला आता घरात आहे कोण? दुखण्यापेक्षा हे नवसाबाईंच्या जिव्हारी लागलं.

देव घासायचे राहिले ते राहिलेच. मनीषा आणि पुंजाराम त्यांना गंगापूर रोडवरच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मनगट धरलं ते सोडीनातच. मिनिटाला जेमतेम चाळीस ठोके. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, मग दवाखान्यात ठेवून घेतलं. नाडी अशी मंदावते त्याला कारणं बरीच असतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी आळसावते, रक्तातले क्षार वरखाली होतात, कधी औषधंच हृदयाचा वेग धरून ठेवतात. मनीषा म्हणाली, औषध एकच, सकाळची ब्लडप्रेशरची गोळी, तीही कित्येक वर्षांची. डॉक्टर म्हणाले, ती गोळी नाडी थोडी कमी करते खरी, पण एवढ्याशा डोसानं इतकी नाही.

रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. मग उरलं एकच. हृदयातली विजेची वाट वयानं झिजली असावी, असा डॉक्टरांचा अंदाज. तसं असेल तर गळ्याच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवावं लागेल. त्याच्या जोरावर माणसं चांगली वर्षानुवर्षं जगतात, भ्यायचं कारण नाही. यंत्र बसलं की डोक्यावरची पाटी गेली आणि पाटी गेली की वावरात कोबी, हा हिशोब नवसाबाईंनी मनात करून टाकला होता.

डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, हा थकवा रोज सारखाच असतो का?

पुंजाराम हसला. "उपासाला नाय दमत ती. नवरात्रात नऊ दिवस उपाशी, तरी वणीचा गड चढली. आमी मागं, ही पुढं. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली आन दुसऱ्या दिवसापासून परत आडवी. जेवणच बाधतंय म्हना की."

डॉक्टर दारातून परत फिरले आणि खुर्ची ओढून बसले. उपासाला काय काय चालतं, हे त्यांनी सगळं विचारून घेतलं. भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, देवीचं तीर्थ, असं सांगून नवसाबाई म्हणाल्या, "गोळी मातर नाय घेत. गोळी पोटात गेली की उपास मोडला."

मनीषा कपाळाला हात लावून बघतच राहिली. रोज सकाळी गोळीबरोबर पाण्याचा पेला तीच तर देत होती.

"आणि गोळीशिवाय दुसरं काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोळ्यात थेंब घालते तेवढा, दोन्ही वेळा. काचबिंदूचा. तो उपासाला चालतो, पोटात कुठं जातोय?"

"मग हे आधी का नाही सांगितलं, आजी?"

"तुमी औषध इचारलं. डोळ्यात घालायचं ते काय औषध?"

बटव्यातली बाटली डॉक्टरांनी उजेडात धरून वाचली. थेंब श्रावणात सुरू झाले होते, आणि थकवाही तेव्हाच. डोळ्यातला थेंब कोपऱ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात मिसळतो, हे त्यांनी पुंजारामला समजेल असं सांगितलं. "गोळी आणि थेंब एकाच जातीचे. एका बैलाची वेसण दोघं जण मागं ओढतायत. चालेल कसा तो? उपासाला एकानं हात सोडला की बैल चालायला लागतो."

मग ते रागावलेही. अशी गोळी एकदम सोडली की ब्लडप्रेशर उसळतं, गडावर काही बरंवाईट झालं असतं. त्यांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. थेंब बंद करून चालणार नव्हतं, नजर गेली असती. म्हणून ते बदलले, नि गोळीही दुसरी दिली. यंत्राचं मग बघू म्हणाले.

दोन-तीन दिवसांत हातापायांत ऊब आली. नाडी साठाच्या वर गेली, सत्तरीला टेकली. नवी पट्टी बघून डॉक्टर म्हणाले, वाट झिजलेली नाही, यंत्र नको. पुंजारामनं टोपी काढून गडाच्या दिशेनं हात जोडले. नवसाबाईही हात जोडून म्हणाल्या, "मी गोळी सोडली ती चूक माझी. पन नऊ दिवस मला पुढं चालवून आईनं सगळ्यांना दाखवलं, कुनी बघितलंच नाय."

गोळीनं उपास मोडत नाही, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच ठरवून टाकलं, आणि आळीतल्या बायडाबाईलाही ठणकावून सांगितलं.

लक्ष्मीपूजनाला फुलबाजारात त्यांची पाटी सगळ्यांत आधी उतरली आणि सगळ्यांत आधी रिकामी झाली. घरी आल्यावर पुंजाराम चाचरत म्हणाला, कोबीची रोपं सांगून ठेवली होती.

"बांधाच्या पल्याड तुमच्या वावरात लावा," नवसाबाई म्हणाल्या. "माझ्या वावरात उन्हाळी झेंडू व्हनार."

पाडवा झाल्यावर त्या पिशवी घेऊन झेंडूचं बी आणायला पंचवटीत गेल्या.