मोरोलाके सिस्टरचा काळा दोरा

आमच्या मोरोलाके सिस्टरची जीभ तिखट, पण बोटं मात्र जादूची. इलेशा गावच्या दवाखान्यात त्या अपघात विभाग सांभाळायच्या, आणि रविवारी चर्चहून आल्या की ओसरीवर बसून शेजारणींचे केस काळ्या दोऱ्याने गुंडाळून द्यायच्या. "हळू हो," म्हटलं की डोक्यात टपली. मी त्यांच्या हाताखालची आया, मीही कितीतरी खाल्ल्यात.

एका दुपारी टॅक्सीवाला लामिदी पाय फाकवत आत आला. ताकद यावी म्हणून वैद्याने त्याला मंतरलेली जाड पोलादी अंगठी दिली होती. घालायची होती डाव्या हाताच्या अंगठ्यात.

"मग तिथेच का नाही घातली?" सिस्टरांनी विचारलं.

"हातातनं औषध खाली पोचणार कधी? म्हटलं, थेट जागेवरच घालू."

"वा. डोकं दुखलं की गोळी कपाळाला चिकटवता का?"

मला हसू आवरेना. पण चादर उचलली आणि हसू पळालं. सगळं सुजून जांभळं झालेलं, सकाळपासून लघवी बंद. डॉक्टरांची कातरी पोलादावरून नुसती घसरत होती. लामिदीचे दोस्त गॅरेजमधलं लोखंड कापायचं मशीन घेऊन दारात हजर. ते बघून तो कलमा पढू लागला.

"आणखी उशीर झाला तर अवयव जाईल," डॉक्टर मला हळूच म्हणाले.

सिस्टरांनी पिशवीतून केसांच्या दोऱ्याचं कोरं रीळ काढलं. डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. सिस्टरांनी दोऱ्याचं टोक अंगठीखालून ओवलं आणि पुढच्या अंगाला वेढ्याला वेढा लावत घट्ट गुंडाळलं. सूज दबली. मग मागचं टोक धरून एकेक वेढा उलगडत गेल्या, तशी अंगठी तसूतसूने पुढे सरकली.

"हलू नका. हलणाऱ्या बायकांचेही केस मी अर्धेच गुंडाळून सोडते."

अंगठी ट्रेमध्ये पडली. लामिदी ढसाढसा रडू लागला.

"रडताय काय? लघवी करा. ती झाल्याशिवाय काही खरं नाही."

पडद्याबाहेर त्याची बायको, सिकिरात, आल्यापासून त्याचा उद्धार करत होती. आता ती पडद्याला कान लावून उभी राहिली. मी भांडं धरलं. काहीच होईना. सिस्टरांनी नळ सोडला. आधी थेंब आले, मग धार लागली आणि पत्र्याचं भांडं वाजू लागलं.

सिकिरात मटकन खाली बसली. "काफायतचे बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमचं इतकं गोड काही ऐकलं नव्हतं हो."